झोळी, आडनाव आणि फॉरवर्ड

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवडी बाजार भरला होता. एस.टी.तून पाच माणसे उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, मंगळवेढ्याकडची ही माणसे. मुले पळवणारी टोळी हिंडत असल्याचे संदेश त्या भागात मोबाइलवर फिरत होते. पाचांपैकी एकाने बाजारात एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला आणि तेवढे निमित्त पुरले. जमावाने पाचही जणांना मारत नेऊन ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि त्या मारहाणीत पाचही जण मरण पावले. खोलीत काठ्या चालवणारे हात होते, तसे चित्रण करणारे मोबाइलही होते. पुढे २०२४ मध्ये धुळ्याच्या सत्र न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

त्या आठवड्यात शहरी दिवाणखान्यांतून आणि वृत्तवाहिन्यांवरून एकच निदान ऐकू येत होते : अडाणी माणसाच्या हाती स्मार्टफोन गेला की असेच व्हायचे. हे निदान सोयीचे आहे. त्यात रोग खेड्यात राहतो, औषध शहरात मिळते आणि निदान करणारा स्वतः निरोगी ठरतो. या धाग्याचे म्हणणे याच्या उलट आहे, आणि ते विशेषतः इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांसाठी मांडले आहे, कारण या प्रकरणात त्यांची जागा प्रेक्षकांच्या बाकावर नाही.

आधी राईनपाड्यानंतर काय झाले ते पाहू. व्हॉट्सॲपने देशातील वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने जगभरातील २० संशोधक गटांना अनुदाने जाहीर केली. त्यांपैकी एक लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संज्ञापन-अभ्यासक शकुंतला बानाजी यांच्या गटाला मिळाले. राम भट आणि अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांत फिरून लोकांशी बोलून २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला.

पैसा कंपनीचा असला तरी निष्कर्ष कंपनीला गैरसोयीचा निघाला. हिंसेशी जोडलेले संदेश पुढे पाठवण्यामागे मोबाइलविषयीचे अज्ञान हे मुख्य कारण नाही, असे या अहवालाने सांगितले. मुसलमान, दलित, आदिवासी अशा समूहांविषयी मनात आधीपासून मुरलेला पूर्वग्रह हे मुख्य कारण. असे संदेश पाठवणाऱ्याचे जे ढोबळ चित्र अहवालात उमटले, ते शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्याचे नव्हते. तो तंत्रज्ञान सहज हाताळणारा, तरुण किंवा मध्यमवयीन, बहुधा वरच्या वा मधल्या जातीतील हिंदू पुरुष होता. शहरातलाही आणि खेड्यातलाही. संदेश कोणी पाठवला, काका की वर्गमित्र, यावर त्याचा विश्वास ठरत होता. आणि अनेकांना तर आपण एक नागरी कर्तव्य पार पाडत आहोत असेच वाटत होते. बानाजी आणि भट यांनी पुढे २०२२ मधील ग्रंथात भारताबरोबर ब्राझील, म्यानमार आणि ब्रिटन यांचा अभ्यास मांडला. देश बदलले तरी मुद्दा टिकून राहिला : द्वेष हा माहितीच्या अभावातून जन्मत नाही, त्याला स्वतःची परंपरा असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाक्य ओळखीचे वाटायला हवे. पहिल्या महायुद्धात खंदकांत लढलेला फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक याने १९२१ मध्ये युद्धातील खोट्या बातम्यांवर एक निबंध लिहिला. त्यातील एक प्रसंग असा. १९१७ मध्ये ब्रेन या फ्रेंच गावाजवळ एक जर्मन सैनिक कैद झाला. तो मूळचा ब्रेमेनचा व्यापारी. ब्रेमेनचा फ्रेंच उच्चार आणि त्या जवळच्या गावाचे नाव कानाला जवळजवळ सारखेच. बघता बघता आघाडीभर बातमी झाली : हा माणूस युद्धापूर्वीपासून आपल्या गावात दुकान थाटून बसलेला हेर होता! ऐकण्यात चूक झाली हे खरे. परंतु ब्लॉक विचारतो, चूक नेमकी याच दिशेने का झाली? उत्तर त्यानेच दिले आहे. जर्मन हेर सर्वत्र पेरलेले आहेत ही समजूत प्रत्येकाच्या मनात आधीच तयार होती. कानाने फक्त तिला जागा करून दिली. खोटी बातमी एखाद्या डोक्यात योगायोगाने जन्मेल, पण वाढते ती समाजाने आधीच शिजवून ठेवलेल्या रसावर. (याच ब्लॉकला १९४४ मध्ये गेस्टापोने गोळ्या घातल्या. खोट्या बातमीवर संशोधन करणारा माणूस द्वेषाच्या राज्यातच संपला, हे विसरता येत नाही.)

मग राईनपाड्यातील रस कोणता? त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती : मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. ती कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेबाबत जागृतीसाठी केलेली फिल्म होती. अखेरीस मूल परत आणून सोडले जाते आणि संदेश दाखवला जातो, तो भाग कोणीतरी कापून टाकला होता. तथ्य-तपासणी करणाऱ्यांनी हे लवकरच उघडही केले. पण चित्रफितीतील माणसे मोटारसायकलवर होती आणि राईनपाड्यात एस.टी.तून उतरली होती. चित्रफितीत गोसावी नव्हता, झोळी नव्हती, भगवे वस्त्र नव्हते. तरी बाजाराने त्यांना ‘ओळखले’. ही ओळख मोबाइलने पुरवलेली नाही.

ती १८७१ पासून कागदावर आहे. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. जसा सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा काही जमातींत गुन्हा हाच वंशपरंपरागत धंदा असतो, असा युक्तिवाद त्यामागे होता. जातिव्यवस्थेविषयीचे अर्धवट ज्ञान आणि फिरत्या माणसाकडून सारा वसूल होत नाही ही चीड, या दोहोंच्या संगमातून हा कायदा निघाला. प्रारंभी तो उत्तरेत लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यासह सर्वत्र पसरला. नावांची नोंदणी, ठाण्यावर हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, आणि काहींच्या नशिबी तारेच्या कुंपणातील वसाहत. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही वस्तीचे नाव म्हणून जिवंत आहे. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथेही फिरत्या लंबाड्यांवर अशीच पाळत होती. इतिहासकार भंग्या भुक्या यांनी त्याचा सविस्तर मागोवा घेतला आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. महाराष्ट्रातील भटके-विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

कायदा गेला. पण अनेक दशके ज्या गावाने पोलीस पाटलाला ‘पालावर कोण उतरले आहे’ याची वर्दी देताना पाहिले, त्या गावाची नजर राजपत्राने बदलत नाही. डवरी गोसावी हे नाव त्या कायद्याच्या यादीत होते की नव्हते, याने गावाला फरक पडत नव्हता. पाल ठोकणारा प्रत्येकजण त्याच नजरेच्या टप्प्यात येत होता. भाषेनेही आपले काम केले. न जेवणाऱ्या पोराला ‘गोसावी झोळीत घालून नेईल’ अशी धमकी मराठी घरांत किती पिढ्या दिली गेली असेल! धमकी देणारी आई प्रेमळ होती, ऐकणारे पोर मोठे होऊन कदाचित शिक्षकही झाले. झोळीची प्रतिमा मात्र मनात तशीच लटकत राहिली. २०१८ च्या फॉरवर्डने तीच झोळी खुंटीवरून काढली.

‘अज्ञान’ हे निदानसुद्धा त्याच काळातले आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरत असताना सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. इस्पितळात माणसे मारून त्यांच्यापासून औषधी अर्क काढतात, अशा वावड्या त्या काळात उठत होत्या. अधिकाऱ्यांनी हे सारे नेटिवांच्या अडाणीपणाच्या खाती टाकले. परंतु घरात घुसून रोगी ओढून नेणे, त्याला घरच्यांपासून तोडणे, आणि गेलेल्यांपैकी अनेकांनी परत न येणे, हे लोक पाहत होते. अर्काची गोष्ट खोटी. भीतीची कारणे खरी. सरकारने फक्त पहिल्या अर्ध्या वाक्याची दखल घेतली. आजचे डिजिटल साक्षरतेचे वर्ग पुष्कळदा हेच करतात.

येथे बानाजी-भट यांच्या अहवालाशीही थोडे भांडावे लागते. त्यांनी रेखाटलेला फॉरवर्ड करणारा माणूस राईनपाड्याच्या बाजारात नेमका सापडत नाही. तेथील जमाव आदिवासी आणि गरीब होता. ज्या समाजाला बाहेरून येणाऱ्याने वारंवार लुबाडले, त्या समाजाचा होता. त्याच्या भीतीला केवळ पूर्वग्रह म्हणणे अपुरे आहे. संदेश बनवणारा, तो ‘काळजी घ्या’ म्हणत पुढे ढकलणारा आणि प्रत्यक्ष काठी उचलणारा ही तीन वेगळी माणसे असतात, बहुधा वेगवेगळ्या वर्गांतली. जन्मठेप तिसऱ्याला होते. पहिला सापडत नाही आणि दुसऱ्याला आपण काही केले आहे हे कळतही नाही. अहवालाचे खरे मोल या दुसऱ्या माणसाला उजेडात आणण्यात आहे.

आणि जमाव अटळ असतो असेही नाही. त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावात परभणी जिल्ह्यातून आलेल्या पाच जणांना याच संशयावरून जमावाने घेरले. त्यांच्यात दोन वर्षांचे मूल होते. संदेश तोच, दिवस तोच. तेथे काही स्थानिकांनी त्यांना घरात घेतले आणि पोलिसांनी जमावाचा मार झेलत त्यांना बाहेर काढले. पाचही जण वाचले. मालेगावची ही बातमी फारशी फॉरवर्ड झाली नाही.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक याच प्रकारच्या वावडीतून मारले गेले. या वेळी दुसरी लाट उठली. हे धर्मद्वेषातून झाले, असे सांगणारे संदेश काही तासांत देशभर गेले. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे जाहीरपणे सांगावे लागले. म्हणजे तीन माणसे एका अफवेने मारली आणि त्यांच्या मृतदेहांवर दुसरी अफवा उभी राहिली. पहिलीचे वाहक आदिवासी पाड्यांत होते; दुसरीचे वाहक पदवीधर होते.

आता बीडकडे. माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे पोलीस ठाणे असलेले गाव. या तालुक्याने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी काय पाहिले, हे येथील प्रत्येक तरुणाला ठाऊक आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात आमदार प्रकाश सोळंके यांची म्हणून एक ध्वनिफीत फिरली आणि काही तासांत त्यांचे माजलगावातील घर पेटले. बीड शहरातही जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला आणि त्यानंतर आक्षेपार्ह पोस्टवरून गावोगाव बंद पाळले गेले. एका जातीने दुसऱ्या जातीच्या दुकानातून माल घेऊ नये, अशा शपथांच्या चित्रफिती फिरल्या. एरवी एकाच टपरीवर चहा पिणारी माणसे एकमेकांचे स्टेटस तपासू लागली. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. तेव्हा एका माणसाच्या हत्येतही आधी आडनावे मोजली गेली. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या तोंडावर, गेवराई तालुक्यातील अर्धमसला येथे मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडवला गेला. अटक झालेल्यांपैकी एकाने जिलेटिनच्या कांड्या हातात घेऊन केलेली चित्रफीत आधीच इन्स्टाग्रामवर टाकली होती.

या सर्वांत ‘खोटी माहिती’ किती होती? फार थोडी. निवडणुकीचा निकाल खरा होता, हत्या खरी होती, आडनावे तर खरीच होती. तथ्य-तपासणीच्या चाळणीतून यातील बहुतेक संदेश सहीसलामत बाहेर पडले असते. द्वेषाला खोटेपणाची गरज नेहमीच लागते असे नाही. खऱ्या घटनेतून एक समूह वेगळा काढून त्याच्या माथी ती मारली की पुरते. १८७१ च्या कायद्याने नेमके हेच केले होते. एखाद्या माणसाने चोरी केली असेलही. कायद्याने ती त्याच्या पाळण्यातल्या नातवाच्या नावावरही टाकली.

येथे इतिहासप्रेमी तरुणांना बाजूला उभे राहता येत नाही. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या एका मुस्लिम तरुणाला ठार मारण्यात आले. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या विटंबनेची चित्रे फेसबुकवर फिरल्याने शहर तापले होते. त्या चित्रांशी या तरुणाचा काडीमात्र संबंध नव्हता. २०२३ मध्ये न्यायालयाने आरोपींची मुक्तता केली. ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर पेटले ते औरंगजेब आणि टिपू यांच्या स्टेटसवरून. दोन्ही ठिकाणी ठिणगीला लागलेला दारूगोळा इतिहासाच्या कोठारातून आला होता, आणि त्या कोठाराच्या किल्ल्या आज शेकडो ग्रुपच्या ॲडमिनांकडे आहेत. बखरीतील तारीख चुकली तर हे ग्रुप रात्रभर वाद घालतात, आणि ते चांगलेच आहे. पण अस्सल पत्राचा फोटो टाकून त्याखाली ‘हे लोक तेव्हाही असेच होते’ अशी ओळ येते, तेव्हा तिथे कोणी संदर्भ मागत नाही. पत्र तपासून झालेले असते, ‘हे लोक’ कोणी तपासत नाही. बानाजींच्या अहवालातला तंत्रकुशल, सुशिक्षित, कर्तव्यदक्ष दुसरा माणूस येथे अगदी स्पष्ट दिसतो.

म्हणून एखादा फॉरवर्ड हाती आला की तो खरा की खोटा हा प्रश्न दुसरा ठरावा. त्यात आळ कोणावर आहे, आणि तो आळ त्यांच्यावर पहिल्यांदा कधी व कोणाच्या सोयीसाठी घातला गेला, हा पहिला. हा प्रश्न विचारायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. इतिहासाचा विद्यार्थी लागतो. पाचच जणांना पाठवण्याची मर्यादा संदेशाचा वेग कमी करते, एवढेच. इंटरनेट बंद केल्याने तर बाजारातील भाव, बँक आणि दवाखानाही बंद पडतो. ज्या समजुतीवर संदेश पोसला जातो ती मोबाइलला रेंज नसतानाही चालू राहते.

बीड पोलिसांनी २०२५ मध्ये एक वेगळा उपाय केला. अधीक्षक नवनीत काँवत यांच्या काळात पोलिसांच्या नामपट्ट्यांवरून आडनाव काढून केवळ पहिले नाव ठेवण्यात आले. पुष्कळांनी याची थट्टा केली : जिल्ह्यात कोण कोणाचा, हे पाटी वाचून थोडेच कळते! थट्टा रास्त आहे. तरीही सरकारी कागदावरून एखादी खूण पुसली जाणे ही इतिहासात क्षुल्लक गोष्ट नसते. कागदावर खूण चढवायला एक कायदा पुरला होता. ती माणसांच्या मनातून उतरायला किती काळ लागतो, हे राईनपाड्याने दाखवले आहे, आणि म्हणून उतरवण्याची सुरुवात लांबणीवर टाकण्याचे कारण उरत नाही.

दिंद्रुड, तेलगाव, सिरसाळा या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या आणि कडेवरची पोरे. या टोळ्यांत मराठा असतात, वंजारी असतात, दलित, मुसलमान आणि बंजाराही असतात. गावातल्या ग्रुपवर एकमेकांविरुद्ध लिहिणाऱ्यांचे नातलग फडावर शेजारच्या कोपीत राहतात. कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडच्या एखाद्या शिवारात ते रात्री उतरतात, तेव्हा त्या गावाच्या लेखी ते फक्त बाहेरून आलेले, पोरे बरोबर घेऊन हिंडणारे, काळवंडलेल्या चेहऱ्यांचे अनोळखी लोक असतात. त्या रात्री त्या गावाच्या ग्रुपवर काय फिरत आहे, हे त्यांना कळण्याची सोय नसते. ओळख विचारली तर दाखवायला आधार कार्ड असते आणि मुकादमाचा फोन नंबर.